घेऊन जा गे

सतरा वर्षं मी खालची पट्टी लिहितो.
पडद्याच्या तळाशी सरकणारी,
जी कुणी वाचत नाही म्हणतात
आणि एक काना चुकला की सक्करदऱ्याहून फोन येतो.
हनुमाननगरात उद्या नळ नाही.
लाल फ्रॉकातली मुलगी, नाव गुड्डी सांगते, चौकीत बसली आहे.
कै. विठाबाई पराते, तेरवी रविवारी.
आणि दर तीन ओळींनंतर एफ-चार दाबायचं,
की उगवायचा अर्धा सूर्य आणि नाव:
झुंजुरका.

मधुकरराव हेडाऊंच्या बापाचा हातमाग
ज्या वेळी खडखडू लागायचा, त्या वेळेचं नाव.
मधुकरराव गेले. त्यांचीही पट्टी मीच लिहिली.

मग निनादबाबू आले, सोबत पुण्याचा एक माणूस,
त्याच्याकडे चौसष्ट स्लाइडी.
म्हणाला, झ जड आहे.
म्हणाला, एका नावात दोन उकार, तरुण पोरं थांबत नाहीत.
अर्ध्या सूर्याला त्याने माउसने धरलं
आणि कचऱ्याच्या डब्यात सोडलं, आमच्या डोळ्यांदेखत.
नवं नाव निळं होतं. जे वन.

इतवारीला तिसऱ्या दिवशी कळलं
की हे घाईत म्हटलं तर जेवण होतं.
"काऊन भाऊ, झालं का जेवण?"
"बातम्यांत तर्री कमी हाय बाप्पा!"
फोनवर बसणारी प्रणोती रोज चाळीस शिव्या वहीत लिहायची,
तारीख, वेळ, मोहल्ला.
फक्त गोळीबार चौकातले एक म्हातारे रागावले नाहीत.
विचारलं, माह्या बायकोचं नाव तुमच्या त्या जुन्या पट्टीत आलं होतं,
ते आता कुठं ठेवलं?
प्रणोतीने हा फोन वहीत नाही लिहिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत.
आमचा कॅमेरा गच्चीवर, रूपेशच्या खांद्यावर.
काळी गेली, पिवळी गेली, मागून बडगे:
महागाईचा, खड्ड्यांचा,
आणि मग गर्दीच्या डोक्यांवरून डुलत आला तो,
बांबूचा, थर्माकोलचा, निळा,
इंग्रजी जे, त्याच्या आकड्याला लटकलेलं ताट,
गळ्यात पाटी: नाव खाल्लं, जेवण दिलं.
"खोकला, खरूज, जे वन
घेऊन जा गे मारबत!"

थेट प्रक्षेपण होतं. रूपेशने कानात विचारलं, फिरवू का?
तिडके सर पंख्याकडे पाहत राहिले.
पट्टी लिही, एवढंच म्हणाले.
मी लिहिलं: इतवारीत भाविकांचा उत्साह.
आणि बोटं आपसूक एफ-चारवर गेली.

अकरा सेकंद.
अर्धा सूर्य, झुंजुरका,
आणि वर आपलाच बडग्या नाचतोय.
ती फाईल मशीनमधून पुसायची राहिली होती.
पुसायचं काम माझ्याकडे होतं.

आता खरं सांगतो.
जुन्या नावाने शेवटच्या वर्षी तीन पगार बुडवले.
निळं नाव एक तारखेला पैसे टाकतं,
त्यातून या उन्हाळ्यात कूलरची मोटर बदलली,
वाळ्याच्या ताट्या आणल्या,
पोरगी दुपारी झोपू लागली.
बायको म्हणते, नावानं का पोट भरते?
मग स्वतःच हसते, आता तर नावच जेवण हाय.

संध्याकाळी बडगा जाळला तिथे गेलो.
थर्माकोलचा वास घशात बसतो.
"घेऊन जा गे" मीही ओरडलो, अर्ध्या आवाजात,
काय घेऊन जा, ते ठरवलं नव्हतं.
एक पोरगा राखेतून बांबूचा आकडा ओढत होता,
पेरू पाडायला बरा पडेल म्हणून.
माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे,
छातीवरच्या निळ्या अक्षरांकडे नीट पाहून म्हणाला,
"काका, तुम्ही झुंजुरकातले ना?"

मी हो म्हणालो.